चाकाचा ‘आऊट’ आणि तारांचा ताण

सायकलवर बसलेल्या माणसाचे वजन चाकाच्या कोणत्या तारा पेलतात? वरच्या की खालच्या? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक वेळा वर्गाचे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, खालच्या तारा. कारण वजन अखेर जमिनीवरच जाणार. दुसरा गट म्हणतो, एवढी बारीक तार वजनाखाली वाकून जाईल, म्हणून हब वरच्या तारांना लटकलेला असणार. दोन्ही गटांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

हा प्रश्न केवळ वर्गातल्या वादाचा नाही. सायकलचे चाक फिरताना डावी-उजवीकडे लंगडू लागते, रिम ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासते. मग दुकानदार म्हणतो, “चाकाला आऊट आलाय.” हा आऊट एका छोट्या पान्याने घरीही काढता येतो. पण निपल फिरवून आपण नेमके काय बदलतो हे ठाऊक नसेल, तर चाक दिसायला सरळ आणि प्रत्यक्षात दुबळे होऊ शकते. असे चाक काही आठवड्यांत पुन्हा लंगडते, मग एखादी तार तुटते आणि तिच्या मागोमाग शेजारची. रोज पाच-सहा किलोमीटर सायकल मारून शाळेत येणाऱ्या मुलामुलींना त्याचा फटका बसतो. म्हणून आधी चाक समजून घेऊ आणि मग पाना हातात घेऊ.

तार ओढू शकते, ढकलू शकत नाही

सायकलच्या दुकानातून एक जुनी, सरळ तार आणा. ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरा, वरच्या टोकाला खोडरबर लावा आणि हळूहळू दाबा. काटा एक-दोन किलो दाखवेपर्यंत तार धनुष्यासारखी वाकलेली असेल. साधारण ३० सेंटीमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड पोलादी तारेचे गणित केले, तर ती सुमारे १७ न्यूटन, म्हणजे पावणेदोन किलोच्या दाबाला वाकते असे उत्तर येते. हीच तार ताण देऊन तोडायची तर मात्र दोनशे किलोंहून अधिक भार लागेल.

थोडक्यात, तार ओढण्याच्या कामात पहिलवान आणि ढकलण्याच्या कामात अगदी दुबळी. मग अशा तारांचे चाक माणसाचे वजन, शिवाय कॅरियरवरचे धान्याचे पोते कसे पेलते? याचे रहस्य पूर्वताणात आहे. वजन पडण्याच्या आधीच प्रत्येक तार निपल पिळून ताणलेली असते. चांगल्या चाकात हा ताण ६०० ते १००० न्यूटन, म्हणजे ६० ते १०० किलो वजनाइतका असतो. रिकामी सायकल भिंतीला टेकून उभी असते तेव्हाही प्रत्येक तार हबला एवढ्या जोराने आपल्याकडे खेचत असते. सगळ्या बाजूंनी सारखेच खेचले जात असल्याने हब मध्यावर स्थिर राहतो.

या ओढीला रिमही उत्तर देत असते. चाक मध्यावर कापून अर्ध्या भागावरच्या बलांचा समतोल मांडला, तर रिममधला दाब म्हणजे तारांची संख्या गुणिले एका तारेचा ताण, भागिले दोन पाय (६.२८) असे सूत्र मिळते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ते स्वतः काढून पाहावे. ३६ तारा आणि प्रत्येकीचा ताण ७०० न्यूटन असेल, तर रिममध्ये सुमारे ४००० न्यूटन, म्हणजे ४०० किलो वजनाइतका दाब असतो. शांतपणे उभ्या असलेल्या सायकलच्या चाकात एवढी बले एकमेकांना तोलून धरतात.

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक

बैलगाडीच्या चाकाशी तुलना केली, तर ही कल्पना अधिक स्पष्ट होते. बैलगाडीचे आरे जाड लाकडाचे असतात. ते ढकलू शकतात, म्हणून तुंबा खालच्या आऱ्यांवर खरोखरच उभा असतो. पण लाकूड सुकते, सांधे खिळखिळे होतात. त्यावर उपाय म्हणून लोखंडी धाव तापवून चाकावर चढवतात आणि पाणी ओतून थंड करतात. साडेचार मीटर घेराची धाव ४०० अंशांनी तापली, तर तिचा घेर सुमारे दोन सेंटीमीटरने वाढतो. थंड होताना ती तेवढीच आकसू पाहते आणि लाकडी कडे, आरे व तुंबा यांना एकमेकांत घट्ट दाबते.

म्हणजे बैलगाडीच्या चाकात धाव ताणलेली आणि आरे दाबलेले. सायकलच्या चाकात नेमके उलटे, रिम दाबलेली आणि तारा ताणलेल्या. वजन येण्याआधीच रचनेत बल भरून ठेवण्याची युक्ती मात्र दोन्हीकडे एकच आहे.

तारेच्या चाकाची कल्पना सायकलपेक्षाही जुनी आहे. इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ साली उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाचा विचार आपल्या वहीत मांडला होता. पॅरिसच्या युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारेच्या चाकाचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी हबपासून सरळ बाहेर जाणाऱ्या तारांऐवजी हबला स्पर्शिकेसारख्या तिरक्या तारांचे पेटंट घेतले. पॅडलची पीळ हबकडून रिमकडे पोहोचवायला अशा तिरक्या तारा लागतात. आजही बहुतेक सायकलींच्या तारा एकमेकींना छेदून जाताना दिसतात त्या यामुळेच.

वजन कोठे जाते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रस्सीखेच आठवा. दोन्ही संघ सारख्या जोराने ओढत असताना दोर जागचा हलत नाही. एका संघाने ओढ थोडी सैल केली, की दोर दुसऱ्या बाजूला सरकतो. कोणीही दोराला ढकललेले नसते. एका बाजूची ओढ फक्त कमी झालेली असते. हबच्या बाबतीत हेच होते. सायकलवर माणूस बसला, की जमीन रिमला खालून वर दाबते. टेकलेल्या जागी रिम किंचित चपटी होते आणि तळाच्या तीन-चार तारांचा ताण उतरतो. त्यांची खाली ओढ कमी झाली, म्हणजे तेवढेच बल हबला वरच्या दिशेने मिळाले.

वरच्या तारांचा ताण या वेळी खूप वाढतो का? तसे होत नाही. रिम हे लवचीक पण घेराने फारसे न वाढणारे कडे आहे. तळाशी ते चपटे होते, पण वरच्या अर्ध्या भागात त्याचा आकार फारच थोडा बदलतो. केंब्रिज विद्यापीठातील बर्गॉइन आणि दिलमाघानियन यांनी सायकलच्या तारांमधील विकृती प्रत्यक्ष मोजली आणि त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. चाकावरचा भार मुख्यतः हबखालच्या मोजक्या तारांचा पूर्वताण कमी होऊन पेलला जातो, असे त्यांना आढळले.

तेव्हा पहिल्या गटाचे ‘खालच्या तारा’ हे म्हणणे बरोबर, पण त्या दाबल्या जाऊन वजन पेलत नाहीत. दुसऱ्या गटाचे ‘तार दाब सोसत नाही’ हे म्हणणेही बरोबर, पण भार वाढल्यावर वरच्या तारा विशेष काही करत नाहीत. खालच्या तारा सैल होऊन वजन पेलतात, असे म्हटले तर दोघांचेही समाधान व्हावे.

हा प्रयोग करून पाहा

यासाठी कोणतेही महागडे उपकरण नको. सायकल स्टँडवरून काढून भिंतीशी उभी धरा. मागच्या चाकात जमिनीजवळची, सरळ उभी दिसणारी एक तार आणि तिच्या बरोबर वरची एक तार खडूने रंगवा. दोन्ही तारा रिमजवळ नखाने छेडा आणि स्वर लक्षात ठेवा. आता एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवा, दुसऱ्याने हँडल पक्के धरावे. पुन्हा छेडा. खालच्या तारेचा स्वर उतरलेला स्पष्ट ऐकू येतो. वरच्या तारेच्या स्वरात फरक जाणवत नाही.

या मागचा नियम आपल्या ओळखीचा आहे. ताणलेल्या तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. मार्सेन या फ्रेंच अभ्यासकाने हे नियम १६३६ मध्ये मांडले आणि प्रयोगशाळेत आपण ते सोनोमीटरवर पडताळतो. समजा, तळाच्या तारेचा ताण ७०० न्यूटनवरून ५५० वर आला. मग वारंवारता सुमारे नऊला आठ या प्रमाणात उतरेल. संगीताच्या भाषेत शुद्ध रे होता, तेथे सा ऐकू येईल. पेटीवर गाणारा विद्यार्थी वर्गात असेल, तर त्यालाच हे अंतर ओळखू द्या. मोबाइलवरच्या वारंवारता दाखवणाऱ्या ॲपवरही ते मोजता येईल.

हाच नियम आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. दोन तारांच्या स्वरांत सा आणि कोमल रे एवढे अंतर असेल, तर त्यांच्या ताणांत सुमारे १४ टक्के फरक असतो. सा आणि शुद्ध रे एवढे असेल, तर २७ टक्के. सा आणि तीव्र मध्यम एवढे असेल, तर एकीचा ताण दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. कान हे उत्तम ताणमापक आहे.

सैल तारच आधी का तुटते?

‘तार फार आवळली म्हणून तुटली’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक तारा हबजवळच्या वाकलेल्या भागात धातूच्या थकव्याने तुटतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा तळाशी येते, तिचा ताण उतरतो आणि पुन्हा चढतो. सुमारे ७० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ २.२ मीटर धरा. एका किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे होतात. शाळेच्या जाण्यायेण्याचे १० किलोमीटर म्हणजे साडेचार हजार फेरे, आणि वर्षाचे २०० दिवस धरले तर नऊ लाख. तारेच्या कोपरासारख्या वाकावर नऊ लाख वेळा हा बदल होतो.

तार पुरेशी ताणलेली असेल, तर तिचा वाक हबच्या छिद्रात पक्का बसलेला राहतो आणि ताण फक्त थोडा कमी-जास्त होतो. सैल तारेचे तसे नसते. तळाशी येताच तिचा ताण शून्यावर उतरतो. मग तिचा वाक छिद्रात हलू लागतो, निपल आपोआप उलटे फिरून ती आणखी सैल होते आणि तिच्या वाट्याचा भार शेजारच्या तारांवर पडतो. आता त्या शेजारणींना प्रत्येक फेऱ्यात जास्त मोठा बदल सोसावा लागतो. तार एकटी तुटत नाही असा दुकानदारांचा अनुभव असतो, त्याचे कारण हे आहे.

यातून आऊट काढण्याचे खरे सूत्र मिळते. रिम सरळ दिसणे हे अर्धे काम. एका बाजूच्या सगळ्या तारा जवळजवळ सारख्या ताणाच्या असणे हे उरलेले अर्धे. एक तार फार सैल आणि तिच्या शेजारच्या फार घट्ट अशा जोडीनेही रिम सरळ उभी करता येते. डोळ्यांना ते चाक निर्दोष दिसते, कानाला मात्र बेसूर लागते आणि रस्त्यावर ते टिकत नाही.

पाना हातात घेताना

निपलला बरोबर बसणारा छोटा गोल पाना सायकलच्या दुकानात मिळतो. ढिला पाना किंवा पक्कड वापरू नये, निपलच्या कडा घासून जातात. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी ठेवावी. प्रथम हबमध्ये खेळ आहे का ते पाहावे. कोन ढिला असेल तर तारा कितीही पिळल्या तरी चाक डुलणारच. निपल गंजलेले असतील तर प्रत्येकावर तेलाचा एक थेंब सोडून तासभर थांबावे. रिमच्या अगदी जवळ येईल अशी एक पेन्सिल चिमट्याला दोऱ्याने बांधली, की मोजपट्टीचे काम होते.

आता लगेच पिळायला सुरुवात करू नका. आधी ऐका. व्हॉल्व्हपासून सुरुवात करून एका बाजूच्या सगळ्या तारा क्रमाने छेडा, मग दुसऱ्या बाजूच्या. जी तार ठण् न वाजता खट् वाजते ती सैल, तिच्यावर खडूची खूण करा. मागच्या चाकाच्या दोन बाजूंची तुलना एकमेकींशी करू नका. फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी त्या बाजूची हबची चकती रिमच्या मध्याच्या जवळ असते, त्यामुळे तिकडच्या तारा अधिक उभ्या असतात. समतोल राखायला त्यांना जास्त ताण द्यावा लागतो आणि त्यांचा स्वर चढाच असतो. डिस्क ब्रेकच्या चाकातही असाच फरक दिसतो.

निपल कोणत्या दिशेने फिरवायचे यात हमखास गोंधळ होतो. टायरच्या बाजूने, म्हणजे रिमच्या बाहेरून निपलच्या डोक्याकडे पाहतो आहोत अशी कल्पना करावी. त्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले, की तार घट्ट होते.

पेन्सिलीला रिम जेथे घासते तेथे ती त्या बाजूला गेलेली आहे. तिला ज्या चकतीकडे ओढायचे, त्या चकतीच्या त्या भागातल्या एक-दोन तारा पाव फेरा घट्ट करा आणि समोरच्या चकतीच्या शेजारच्या तारा पाव फेरा सैल करा. दोन्ही केल्याने रिम बाजूला सरकते, पण चाकाचा एकूण ताण आणि गोलाई बदलत नाही. घट्ट-सैल करण्याच्या या निवडीतही कानाचे ऐका. उतरल्या स्वराची तार असेल तर ती घट्ट करणे आधी, चढ्या स्वराची असेल तर ती सैल करणे आधी. रिम वर-खाली उडत असेल, तर उंच भागातल्या दोन्ही बाजूंच्या तारा जोडीने घट्ट करा. खोलगट भागातल्या जोडीने सैल करा.

पाव फेराच का? २ मिलिमीटर तारेच्या आट्यांची संख्या एका इंचात ५६ असते, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ०.४५ मिलिमीटर. ७०० न्यूटन ताणाखाली ३० सेंटीमीटरची तार हूकच्या नियमाप्रमाणे लांबते ती जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. रिम अजिबात न हलणारी असती, तर पाव फेऱ्याने ताण २३० न्यूटनांनी बदलला असता. रिम थोडी सरकते म्हणून बदल त्याहून कमी होतो, तरी पाव फेरा ही लहान गोष्ट नाही हे ध्यानात येईल.

निपल कडक असेल तर पान्याबरोबर तार स्वतःभोवती पिळली जाते आणि चाक चालू लागताच उलटी सुटते. त्यासाठी थोडे जास्त फिरवून तेवढेच मागे आणावे. एक-दोन प्रदक्षिणा झाल्यावर हातात जाड कापड घेऊन एकाच बाजूच्या, जवळजवळ समांतर असणाऱ्या तारा जोडीजोडीने मुठीत जोरात दाबाव्यात. त्यामुळे तारांचे वाक छिद्रांत नीट बसतात आणि त्यांत साचून राहिलेले प्रतिबल कमी होते. यानंतर चाक पुन्हा तपासावे, थोडा आऊट परत आलेला असतो.

कोठे थांबावे?

रोजच्या सायकलला एक मिलिमीटरपर्यंतचा आऊट चालतो. तो शून्यावर आणण्याच्या नादात तारांचे स्वर बिघडवू नयेत. एका बाजूच्या तारांचे स्वर कोमल ऋषभाच्या अंतराच्या आत आले, तर काम चांगले झाले असे समजावे.

तारांचे स्वर सारखे लागतात, तरीही रिम एका जागी बाहेर जाते, असे दिसले तर दोष तारांचा नाही. खड्ड्यात आदळून रिमच वाकली आहे. तेथे तारा पिळून रिम बळजबरीने सरळ केली, तर पुन्हा असमान ताणाचे दुबळे चाक तयार होते. अशी रिम दुकानात सरळ करून घ्यावी किंवा बदलावी. उलट सगळ्याच तारा आवळत गेलो, तर रिममधला दाब वाढत जाऊन ती तळलेल्या पापडासारखी मुरडू शकते. शिवाय निपलबाहेर आलेले तारेचे टोक रिमटेप भेदून ट्यूबला छिद्र पाडते. तुटलेली तार मात्र त्याच दिवशी बदलावी. शेजारच्या तारा आवळून तिची भरपाई करू नये.

शाळेच्या आवारात एका दिवशी पंचवीस-तीस सायकली तरी उभ्या असतात. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एक चाक द्यावे. तारा मोजायच्या, प्रत्येक तारेचा स्वर सैल, मध्यम, घट्ट असा वहीत नोंदवायचा, आऊट कोठे आहे ते खडूने दाखवायचे आणि सैल तारांच्या जागेशी त्याचा काही मेळ बसतो का ते पाहायचे. पाना न लावता, एका तासात होण्याजोगे हे काम आहे. बल, समतोल, हूकचा नियम आणि तारेची कंपने हे चार धडे एका चाकात भेटतात, आणि ज्यांच्या चाकात खट् वाजणारी तार सापडेल त्यांना ती तुटण्याआधी आवळून घेता येईल.